अडलं कुणाचं : मुलाचं की वर्गाचं?

अपंग विद्यार्थ्यांना नेहमीच्या वर्गात कसं शिकवावं, हा आजचा विषय. समोर शिक्षक मंडळी बरीच दिसतात. तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक इथे काय सांगणार, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल, आणि तो रास्त आहे. आम्ही आज वर्गात करण्यासारख्या गोष्टीच सांगणार आहोत, पण इतिहासाच्या वाटेनं. कारण असं की प्रशिक्षणात ज्या युक्त्या मुद्द्यांच्या यादीसारख्या सांगितल्या जातात, त्यांतल्या बऱ्याचशा कुणीतरी एका विशिष्ट मुलासमोर अडून पडल्यावर शोधल्या आहेत. ते अडणं समजलं की युक्ती लक्षात राहते. नुसती यादी मात्र दुसऱ्या दिवशी विसरते.

शब्दांबद्दल एक सांगून टाकतो. दिव्यांग, अपंग, दृष्टिहीन, कर्णबधिर हे आजचे शब्द. जुन्या काळाबद्दल बोलताना तेव्हाचे शब्द येतील, ते कुणाला कमी लेखण्यासाठी नाहीत.

सुरुवात आमच्याच विषयातून करू. सतराव्या शतकाच्या अखेरीस आयर्लंडमधल्या विल्यम मॉलिन्यू या विद्वानानं जॉन लॉकला एक कोडं घातलं. जन्मांध माणसाला स्पर्शानं गोल आणि घन ओळखता येतात. उद्या त्याला दृष्टी आली, तर हात न लावता, नुसतं बघून तो हा गोल, हा घन असं सांगू शकेल का? लॉकनं हे कोडं १६९४ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत घेतलं आणि युरोपभर त्यावर वाद झाला. कोडं चांगलंच आहे, आम्ही ते वर्षानुवर्षं शिकवलं. पण नीट बघा, या साऱ्या वादात आंधळा माणूस आहे तो फक्त डोळे मिळाल्यावर काय होईल एवढ्यापुरता. आज, आहे तसा, तो जगाला कसा जाणतो हे विचारायचं कुणाला फारसं सुचलं नव्हतं.

ते सुचलं दनी दिदेरोला. १७४९ साली त्यानं अंधांविषयी एक पत्ररूप ग्रंथ लिहिला. त्या लेखनापायी त्याला काही महिने तुरुंगातही काढावे लागले, कारण त्यात धर्मसत्तेला न रुचणारं बरंच होतं. पण आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं असं की दिदेरो एका आंधळ्या माणसाला भेटायला गेला आणि त्याला प्रश्न विचारत बसला. तुला डोळे मिळाले तर आवडेल का, यावर त्या गृहस्थाचं म्हणणं पडलं की त्यापेक्षा लांब हात मिळाले तर जास्त बरं, चंद्रावर काय आहे ते हातांनी चाचपून तुमच्या दुर्बिणीपेक्षा चांगलं कळेल! याच ग्रंथात निकोलस सॉन्डर्सन येतो. देवीच्या आजारात लहानपणीच दृष्टी गेलेला हा माणूस १७११ साली केंब्रिजमध्ये गणिताचा प्राध्यापक झाला, तेही न्यूटन ज्या जागेवर होता त्या जागेवर. तो प्रकाश आणि रंग यांवरही व्याख्यानं देत असे. आकडेमोडीसाठी त्यानं भोकं पाडलेली एक पाटी केली होती. तिच्यात लहानमोठ्या डोक्यांच्या टाचण्या टोचायच्या, आणि टाचणी कुठे आहे त्यावरून आकडा ओळखायचा.

मंडळी, इथे प्रश्न बदलला. ‘याला काय दिसत नाही?’ हा झाला जुना प्रश्न. ‘याला काय कळतं, आणि कोणत्या वाटेनं कळतं?’ हा नवा. पुढची दोन-अडीचशे वर्षं या दोन प्रश्नांची ओढाताण आहे, असं आमचं वाचन आहे.

आता शाळेत जाऊ. पॅरिसमध्ये व्हालांतँ आयुई या गृहस्थानं १७८५ च्या सुमारास अंध मुलांसाठी शाळा काढली. जाड कागदावर अक्षरं दाबून उठावाची केली की मुलं बोटांनी वाचू शकतात, हे त्यानं दाखवून दिलं. फार मोठं काम, त्याचं श्रेय त्याला आहेच. पण ती अक्षरं होती डोळस माणसांचीच, ए, बी, सी अशी. वळणं बोटाला पटकन लागत नाहीत. पुस्तकं अवजड होत आणि वाचन रखडत चाले. शिवाय मुलांना त्या लिपीत स्वतः लिहिता येत नव्हतं. म्हणजे वाचायला आलं, पण वही मिळाली नाही. शिक्षकाला जे वाचायला सोपं, तेच मुलासाठी निवडलं गेलं होतं.

याच शाळेत १८१९ साली दहा वर्षांचा लुई ब्रेल दाखल झाला. वडील घोड्यांची खोगिरं, साज बनवणारे. तीन वर्षांचा असताना त्यांच्याच दुकानातलं टोकदार हत्यार डोळ्यात गेलं आणि पुढे दोन्ही डोळे गेले. शार्ल बार्बिए नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं ठिपक्यांची एक लिपी शाळेत आणून दाखवली होती. तीत एकेका चिन्हाला बारा ठिपक्यांची जागा. लुईला दोन गोष्टी जाणवल्या. एक, ठिपका बोटाला रेषेपेक्षा चांगला कळतो. दोन, बारा ठिपके एका बोटाखाली मावत नाहीत, बोट वरखाली फिरवावं लागतं. त्यानं ते सहावर आणले. सहा ठिपके बोटाच्या पेराखाली एकदम बसतात, आणि त्यांच्या ६३ वेगवेगळ्या जुळण्या होतात. अक्षरं, आकडे, संगीताची चिन्हं, सगळं त्यात आलं. हे त्यानं १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, जुळवत आणलं आणि १८२९ साली छापून प्रसिद्ध केलं.

पुढे काय झालं? १८४० नंतर त्याच शाळेच्या नव्या संचालकानं ही लिपी काही काळ बंद पाडली. आंधळ्यांनी डोळसांपेक्षा वेगळी लिपी वापरली तर ते वेगळे पडतील, असा तेव्हाचा एक मोठा आक्षेप होता. मुलांनी मात्र ती सोडली नाही, आपापसात चालूच ठेवली. शेवटी १८५४ साली तिला अधिकृत मान्यता मिळाली. तेव्हा ब्रेलला जाऊन दोन वर्षं झाली होती. आपण एवढं ध्यानात ठेवू : लिपी शोधली विद्यार्थ्यानं आणि टिकवली विद्यार्थ्यांनी. संस्था मागून आली.

बहिऱ्या मुलांची कथा याच्या शेजारीच घडते. पॅरिसमध्येच १७६० च्या सुमारास आबे द लेपे या धर्मगुरूनं दोन बहिऱ्या बहिणींना शिकवायला घेतलं, त्यातून शाळा उभी राहिली. त्याचं वेगळेपण असं की मुलं एकमेकांशी हातांनी बोलतात ते त्यानं बंद केलं नाही, आधी स्वतः शिकून घेतलं. त्याच्या परंपरेतला लोराँ क्लेर हा बहिरा शिक्षक पुढे अमेरिकेत गेला आणि १८१७ साली हार्टफर्डची शाळा उभी करण्यात त्याचा वाटा होता. बहिरे शिक्षक बहिऱ्या मुलांना शिकवताहेत, अशी दोन पिढ्या चांगली घडी बसली.

आणि मग १८८० साली इटलीत मिलान इथे बहिऱ्यांच्या शिक्षणाची परिषद भरली. शाळांतून खुणा काढून टाकाव्यात आणि मुलांना बोलायला, ओठ वाचायलाच शिकवावं, असा तिथला ठराव. मुख्य ठरावाच्या बाजूनं १६०, विरोधात ४. एवढ्या मोठ्या सभेत बहिरे प्रतिनिधी जवळजवळ नव्हतेच. हेतू वाईट होता असं आम्ही म्हणत नाही. मुलं समाजात मिसळावीत, असंच त्यांना वाटत होतं. पण परिणाम असा झाला की बहिऱ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, हात हलवले म्हणून मुलांना शिक्षा होऊ लागल्या. इतिहास, भूगोल, गणित यांचा वेळ उच्चार घोटण्यात गेला. खुणांच्या भाषेला स्वतःचं व्याकरण आहे हे भाषाशास्त्राच्या अंगानं विल्यम स्टोको यांनी मांडलं ते १९६० साली. आणि मिलानचे ते ठराव तसल्याच परिषदेनं नाकारले ते थेट २०१० साली, कॅनडात व्हँकुव्हरला. एकशे तीस वर्षं, म्हणजे किती मुलं झाली, याचा विचार करा.

तिसरा धागा आपल्या महाराष्ट्रापर्यंत येणारा आहे, म्हणून तो जरा सावकाश सांगतो. १८०० साली फ्रान्सच्या आवेरॉन भागात जंगलात वाढलेला, बाराएक वर्षांचा एक मुलगा सापडला. बोलत नव्हता. मोठमोठ्या वैद्यांनी हा बरा होणारा नाही असं सांगितलं. झाँ इतार या तरुण डॉक्टरनं त्याला हाती घेतलं, व्हिक्टर हे नाव दिलं, आणि पाचेक वर्षं शिकवलं. इतारची एक नोंद आम्हांला फार मोलाची वाटते. या मुलाच्या मागे पिस्तुलाचा बार काढला तरी तो वळून बघत नसे, पण कुठे अक्रोड फोडल्याचा आवाज झाला की लगेच मान वळे. म्हणजे कान ठीक होते. त्याच्या जगण्याशी ज्याचा संबंध नाही तो आवाज त्याच्यापुरता आवाजच नव्हता! ‘याचं लक्षच नसतं’ असं आपण ज्या मुलाबद्दल म्हणतो, त्याचं लक्ष कुठेतरी असतं. ते कशाला वळतं, हे आधी बघायचं.

इतारनं वस्तू आणि तिचं चित्र जुळवणं, मग आकार जुळवणं, मग सुटी कापलेली अक्षरं, अशा पायऱ्या केल्या. व्हिक्टर बोलायला शिकला नाही. म्हणून इतारला स्वतःचं काम अपुरंच वाटलं. पण त्याचा शिष्य एदुआर सेगँ यानं त्या पायऱ्या उचलल्या, आणि तेव्हा ज्यांना ‘जडबुद्धी’ म्हणून कोंडून ठेवत, अशा मुलांसाठी रीतसर पद्धत बांधली. आधी हातपाय, मग इंद्रियं, मग कल्पना, असा त्याचा क्रम होता. १८४६ साली त्यानं त्यावर ग्रंथ लिहिला.

पन्नासएक वर्षांनी रोममध्ये मारिया माँटेसरी नावाच्या डॉक्टर बाईंनी इतार आणि सेगँ यांचे ग्रंथ इटालियनमध्ये उतरवून, हातानं लिहून काढले. का, तर प्रत्येक शब्द तोलून बघता यावा म्हणून. १९०० च्या सुमारास त्यांनी मतिमंद म्हणवल्या जाणाऱ्या मुलांना याच वाटेनं शिकवलं. त्यांतली काही मुलं सर्वसाधारण शाळांच्या परीक्षेत इतर मुलांच्या बरोबरीनं उतरली. लोकांनी कौतुक केलं. बाईंना मात्र वेगळाच प्रश्न पडला : ही मुलं इथवर येतात, तर निरोगी मुलांना शाळा मागे का ठेवते आहे? मग १९०७ च्या जानेवारीत रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह काढलं. खरखरीत कागदाची अक्षरं बोटानं गिरवणं, ठोकळे, खाचेत बसणाऱ्या दट्ट्या, ही साधनं आता सगळ्याच मुलांच्या हातात आली.

तिथून ही गोष्ट आपल्याकडे येते. १९२० साली भावनगरला गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर सुरू केलं. त्यांच्याबरोबर ताराबाई मोडक काम करू लागल्या, आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसरीबाईही १९३९ साली भारतात आल्या आणि महायुद्धामुळे अनेक वर्षं इथेच राहिल्या. पण ताराबाईंनी केलं ते याच्या पुढचं होतं. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे काम कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर गेलं. महागडे ठोकळे तिथे कुठून आणायचे? शिंपले, खडे, बिया, पानं हीच साधनं झाली. मुलं शाळेत येईनात, तर शाळा त्यांच्या अंगणात गेली, ती अंगणवाडी. थोरली मुलं गुरं राखायला जायची, तर शाळा कुरणात गेली, ती कुरणशाळा.

आता हा धागा सलग धरून बघा. बहिऱ्यांच्या संस्थेतल्या एका डॉक्टरनं रानातल्या मुलासाठी केलेल्या पायऱ्या, मग ‘जडबुद्धी’ मुलांसाठी पद्धत, मग रोमची गरीब वस्ती, मग कोसबाडचं अंगण. आपल्या नातवंडांची बालवाडी जी आहे, तिचा एक पूर्वज अपंग मुलांच्या वर्गात जन्मला आहे. म्हणून कुणी म्हणालं की ‘त्या एका मुलासाठी अख्ख्या वर्गाचं नुकसान का करायचं?’, तर त्याला हा इतिहास सांगावा. त्या एका मुलासाठी केलेल्या गोष्टीवरच आजवर अख्खे वर्ग पोसले गेले आहेत.

आपल्याकडच्या खास शाळांचाही इतिहास आहे. मुंबईत १८८५ च्या सुमारास, म्हणजे मिलाननंतर पाचेक वर्षांतच, बहिऱ्या मुलांसाठी संस्था निघाली. १९०० साली, दुष्काळाच्या दिवसांत, अमेरिकन मराठी मिशनच्या अॅना मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांसाठी शाळा काढली. ब्रेल आली, पण भारतात ठिकठिकाणी वेगवेगळी. शेवटी १९५१ साली भारती ब्रेल ठरली. तिचं तत्त्व सोपं, ज्या ठिपक्यांना इंग्रजीत ‘के’ म्हणतात तेच मराठीत ‘क’. पुढे कोठारी आयोगानं १९६६ च्या अहवालात अपंग मुलांना शक्य तिथे सर्वसाधारण शाळेत घ्यावं असं म्हटलं. मग १९९५ चा कायदा, २००९ चा शिक्षणहक्क कायदा, आणि २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा, ज्यात सातांवरून एकवीस प्रकारची अपंगत्वं मानली गेली. तेव्हा ते मूल शेजारच्या शाळेत बसणार, हा आता त्याचा हक्क आहे. पण हक्कानं ते वर्गाच्या दारापर्यंत येतं. आत बसल्यावर त्याला काय मिळतं, हे कायदा ठरवत नाही. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात ते मागच्या बाकावर चित्र रंगवत वर्ष काढतं, हजेरी पूर्ण भरते आणि शिकणं शून्य. आम्हांला खरी काळजी या मुलाची आहे.

तर आता इतिहासातून वर्गात येऊ. सॉन्डर्सनच्या पाटीपासून सुरू करू. दृष्टिहीन मूल वर्गात असेल तर फळ्यावर जे लिहाल ते बोला. ‘हे यातून वजा केलं की हे उरतं’ असं नको, ‘सतरातून नऊ गेले, आठ उरले’ असं म्हणा. भूमितीची आकृती पुठ्ठ्यावर सुतळी किंवा दोरा चिकटवून करता येते, नकाशातली नदी दोऱ्याची आणि शहरं मसुरीच्या दाण्यांची. खर्च काही नाही. अंधुक दिसणाऱ्या मुलाला जाड काळ्या पेनानं, मोठ्या अक्षरात, कमी मजकूर द्या, आणि उजेड कुठून येतो ते बघून बसवा. आणि गंमत बघा, फळा बोलून दाखवणारा शिक्षक मागच्या बाकावरच्या सगळ्यांनाच जास्त कळतो.

द लेपेकडून काय घ्यायचं? कर्णबधिर मूल असेल तर फळ्याकडे तोंड करून बोलू नका, आणि वही-पुस्तकाआड तोंड झाकू नका. लिहा, वळा, मग बोला. खिडकीला पाठ करून उभे राहिलात तर तुमचा चेहरा अंधारात जातो. पाठाचं नाव, पान क्रमांक, नवे शब्द आधीच फळ्यावर असू द्या. दुसरं कुणी मूल उत्तर देत असेल तर कोण बोलतंय तिकडे हात करा, म्हणजे या मुलाची नजर तिथे जाईल. आणि त्याच्या पाच-दहा खुणा तुम्हीही शिका, वर्गालाही शिकवा. मुलं हे दोन दिवसांत शिकतात, आणि मधल्या सुट्टीत ते मूल एकटं राहत नाही.

इतार आणि सेगँकडून पायऱ्या घ्यायच्या. सावकाश शिकणाऱ्या मुलाला ‘वही काढ, तारीख घाल, तिसरं गणित सोडव’ अशा तीन सूचना एकदम देऊ नका. एक द्या, ती झाली की दुसरी. ‘गुणाकार येत नाही’ ही नोंद निरुपयोगी आहे. हातचा धरेपर्यंत येतं, हातचा मिळवताना अडतं, ही नोंद कामाची, कारण उद्या कुठून सुरू करायचं ते तीत आहे. आधी वस्तू, मग चित्र, मग आकडा. घाई झाली तर एक पायरी मागे या. आणि अक्रोड विसरू नका. ज्याला बसचे नंबर पाठ आहेत, त्याची बेरीज बसच्या नंबरांवर घ्या.

ब्रेलकडून घ्यायची ती वही. वाचता येणं पुरत नाही, मुलाला उत्तर देण्याचीही वाट हवी. हाताला कंप असलेल्या मुलाचं तोंडी उत्तर घ्या, अडखळत बोलणाऱ्याचं लेखी घ्या, आणि तो बोलू लागला तर त्याचं वाक्य आपण पुरं करू नका, थांबा. जास्त वेळ, लेखनिक यांना आपण ‘सवलत’ म्हणतो. आमच्या मते तो शब्द थोडा फसवा आहे. परीक्षा इतिहासाची असेल तर मोजायचा आहे इतिहास, हाताचा वेग नाही. वेग बाजूला काढला की परीक्षा जास्त खरी होते.

राहिलं मिलान. तिथला धडा असा की ज्याच्याबद्दल ठरतंय त्याला विचारल्याशिवाय ठरवू नये, तुमचा हेतू कितीही चांगला असो. कायद्यातल्या तरतुदी, विशेष शिक्षकांची भेट, प्रमाणपत्र, सगळं आपापल्या जागी हवंच, आणि विशेष शिक्षक वेळेवर मिळावेत म्हणून भांडायलाही हवं. एकट्या शिक्षकावर हे ओझं टाकून व्यवस्थेनं हात झटकावेत, हे आम्हांला मान्य नाही. पण विशेष शिक्षक यायचे आहेत म्हणून सोमवारचा पहिला तास थांबत नाही. त्या तासाला त्या मुलाच्या शेजारी, बाकीच्यांसमोर नव्हे, जरा बाजूला बसून दोन प्रश्न विचारा : तुला कुठे बसलं की सोपं जातं? मी काय करतो तेव्हा तुला कळत नाही? लहान मूल असेल तर आईला विचारा, तिला बरंच ठाऊक असतं. आलेलं उत्तर वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या वर्गशिक्षकाला ती वही द्या, म्हणजे त्या मुलाला दर जूनमध्ये पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

वेळ झाली. शिक्षक मंडळींनी आपापल्या वर्गातल्या अडचणी सांगाव्यात, त्यावरच आता बोलू.